दुसऱ्याचा पत्ता

अनिताचा पत्ता मी दिला होता. सुमनताईंनी दिला नव्हता. एवढं लिहायला मला काही वर्षं लागली. ती वर्षं मी भोरमध्येच काढली, त्याच रस्त्यांवरून जात-येत, त्याच लोकांना रामराम करत. कुणी मला बोल लावला नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. एका सुमनताईंना ठाऊक होतं आणि त्या गप्प राहिल्या. अनिता हे तिचं खरं नाव नव्हे. सुमनताई हेही नव्हे. दोन्ही नावं मी बदलली आहेत.

आमचं काम घरपोच पार्सलचं. लोक मोबाईलवर वस्तू मागवतात, ती पुण्याहून टेम्पोने भोरला आमच्याकडे येते आणि मग भोर-वेल्ह्याच्या गावांतून, वाड्यावस्त्यांवरून घरोघर जाते. मी त्या कार्यालयाचा व्यवस्थापक होतो. सुमनताई फोनवर असायच्या. माल आला की गिऱ्हाइकाला फोन करायचा, घर कुठं आहे ते समजून घ्यायचं, संगणकात भरायचं आणि गाडीवरच्या माणसाला वाट सांगायची, हे त्यांचं काम. रोज सकाळी भोंगवलीहून एसटीने यायच्या. बुटक्या, चाळिशी ओलांडलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि मोबाईल कायम पदराखाली, जणू त्यालाही ऊन लागेल.

आमच्याकडच्या घरांना नंबर असतात, पण ते कुणाला माहीत नसतात. पत्ता म्हणजे वाट. दुपारी पंखा संथ फिरत असायचा, खोक्यांचा आणि चिकटपट्टीचा वास खोलीत भरलेला असायचा, आणि सुमनताईंचा आवाज चाललेला असायचा.

"हां, पुलावरनं खाली. मग? जांभळीचं झाड. बरं. मग वढा. वढ्याला पाणी हाय का आत्ता? न्हाई? मग गाडी जाईल. फुडं? कुत्रं चावतं का?"

मी टेबलाशी बसल्या बसल्या डोळे मिटायचो आणि त्या वाटेने निघायचो. पूल उतरायचो, जांभळीखालची सावली अंगावर घ्यायचो, कोरडा ओढा ओलांडायचो. ज्या घरांत मी कधी गेलो नाही त्यांची अंगणं मला आजही ओळखीची वाटतात. कधीकधी झोपेत मी अजून तिथं पोचतो. दार उघडं असतं आणि आतून कुणीतरी, "कोन हाय?" असं विचारत असतं. उत्तर द्यायच्या आधी मला जाग येते.

गिऱ्हाईक स्वतः सामान न्यायला आलं, तर सुमनताई बसल्या जागेवरून नाव पुकारत नसत. उठायच्या, जवळ जायच्या आणि हळूच म्हणायच्या, "तुमचं आलंय." इतक्या मायेने म्हणायच्या की खोक्यात मोबाईलचं कव्हर असलं तरी त्या माणसाला आपलं काहीतरी मोठं भाग्य आल्यासारखं वाटायचं.

खोक्यात काय आहे याचा अंदाज बांधणं त्यांना खपत नसे. आमचा गाडीवाला बाळू या बाबतीत फार हौशी. खोकं कानाशी धरून हलवायचा.

"ह्ये मास्तरांचं. केस काळं करायचं आसनार. पैज लावा."

"बाळू," सुमनताई संगणकावरून नजर न काढता म्हणाल्या, "तुझ्या घरी परवा काय आलं ते सांगू का मास्तरांना?"

बाळूचा चेहरा पडला. त्याच्या घरी काय आलं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्यानंतर त्याने खोकं हलवलं नाही.

त्यांचा एक शब्द होता, "कशाला?" कंपनीने एकदा संगणकात नवे रकाने आणले. गिऱ्हाइकाची जन्मतारीख, घरात माणसं किती, घर स्वतःचं की भाड्याचं. पुण्याच्या साहेबांचा फोन आला की हे सगळं भरून घ्या. सुमनताईंनी विचारलं, "सर, जन्मतारीख कशाला? केक पाठवनार का?"

"कंपनीचं धोरण आहे, मॅडम."

"व्हय, पण गिऱ्हाइकानं इचारलं कशाला, तर मी काय सांगू?"

साहेबांनी फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. मी "हो सर, भरून घेतो सर" म्हणालो. सुमनताई मात्र प्रत्येकाला फोनवर सांगत राहिल्या, "कंपनी इचारतीय. मला कारन म्हाईत न्हाई. सांगायचं नसलं तर नका सांगू, पार्सल तसंबी येनार." आमच्या कार्यालयाचे ते रकाने बहुतेक रिकामेच गेले.

मी एकदा चिडून म्हणालो, "ताई, नाव-पत्ता विचारण्यात एवढं काय आहे?"

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "लग्न झाल्यावर आमी भोरात खोली बघत व्हतो. एक बाई लई चांगल्या. चहा दिला, खोली दावली, खिडकीतनं नदी दिसती म्हनल्या. मग म्हनल्या, पूर्ण नाव काय? मालकांनी आडनाव सांगितलं. तर म्हनल्या, अगंबाई, खोली तर कालच गेली की." त्यांनी चष्मा पुसला. "मला त्या खिडकीतनं दिसलेली नदी अजून आठवती. इचारनारा काय ठरवून बसलाय ते सांगनाऱ्याला कुठं म्हाईत आसतं, साहेब?"

मी मान डोलावली. पण समजलो नव्हतो. ऐकलं होतं, एवढंच.

शिवऱ्याजवळच्या हायवेवरच्या टपरीची गोष्ट बाळू अजून रंगवून सांगतो. पुण्याहून मीटिंग करून आम्ही तिघं परतत होतो. भजी घेतली. सुमनताईंनी पहिलं भजं तोंडात घातलं आणि हातातला कागद उजेडाकडे धरला. आमची वाटपाची यादी होती. नावं, गावं, मोबाईल नंबर, आणि मधोमध तेलाचा चंद्र. रद्दी मीच विकली होती.

त्यांनी भजी बाळूच्या ओंजळीत ओतली आणि टपरीवर उभ्या असलेल्या एकेका माणसापुढे गेल्या. "दादा, भजी तुमची, कागुद माजा. द्या हिकडं." कुणी हसलं, कुणी दचकलं. एक ट्रकवाला म्हणाला, "बाई, ह्याच्यात काय लॉटरी लागलीया का?"

"लागली तर दुसऱ्याची हाय, दादा. द्या."

टपरीवाल्याकडचा उरलेला गठ्ठाही त्यांनी मागून घेतला आणि बदल्यात बाळूला पळवून वर्तमानपत्रं आणून दिली. दुसऱ्या दिवसापासून कार्यालयाच्या मागे एक बादली आली. संध्याकाळी दिवसभराच्या याद्या त्या तिच्यात बुडवायच्या. आमच्या स्वस्त प्रिंटरची शाई पाण्यात उतरायची. निळसर धूर उठावा तशी ती हळूहळू वर यायची, आणि गावं, माणसं, नंबर सगळं त्या निळ्यात मिसळून जायचं. त्या हात घालून लगदा कुस्करायच्या. सूर्य डोंगराआड गेलेला असायचा. मी दारात उभा राहून बघायचो आणि मला उगाच शांत वाटायचं, कुणीतरी गाव झोपवत असल्यासारखं.

निवडणुकीच्या सुमारास एक पांढरा शर्टवाला आला. खुर्ची ओढून बसला, माझ्याशी नातं काढलं, आणि म्हणाला, "नंबर द्या की सगळे. नुसता शुभेच्छांचा मेसेज टाकायचाय. लोकांच्या चांगल्यासाठीच हाय."

मी चाचरलो. सुमनताई म्हणाल्या, "आधी तुमचा नंबर द्या."

"माझा? घ्या की."

"आनि वहिनींचा. आनि वहिनींनी काय काय मागवलंय मोबाईलवरनं, त्ये बी लिवून द्या. शुभेच्छा देऊ आमी बी."

पांढरा शर्टवाला मोठ्याने हसला, पण उठला.

मला सर्वांत स्पष्ट आठवते ती वेल्ह्याकडची एक सकाळ. बाळू आजारी होता, म्हणून गाडी मी घेतली आणि वाट दाखवायला सुमनताई आल्या. थंडीचे दिवस होते. धुकं इतकं दाट की डोंगर नव्हतेच, फक्त घुंगरांचे आवाज होते, कधी उजवीकडून, कधी डोक्यावरून. वस्तीवर मेंढरं राखणारं एक कुटुंब होतं. त्यांचं औषधाचं पार्सल. देताना मोबाईलवर आलेला आकडा गिऱ्हाइकाने सांगायचा असतो, त्याशिवाय पार्सल सोडता येत नाही. पण वस्तीवर रेंज नव्हती. रेंज फक्त वरच्या खडकावर. घरधनीण मोबाईल घेऊन वर गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने आभाळातून यावा तसा तिचा आवाज आला.

"चाऽऽर! साऽऽत!"

डोंगराने चार आणि सात परत केले.

"अवं वहिनी!" सुमनताई तोंडाशी हात धरून ओरडल्या. "डोंगराला कशाला सांगताय? खाली या!"

घरधनी हसायला लागला. "बाई, हितं आयकायला हाय कोन? मेंढरं हायती."

"मेंढरांना बी सगळं सांगायचं नसतं, दादा."

ती बाई खाली येईपर्यंत आम्ही थांबलो. तिने सुमनताईंच्या कानात आकडा सांगितला. दोघी लहान मुलींसारख्या हसल्या. परतताना धुकं उतरत होतं, धरणाचं पाणी मधेच चमकायचं, मधेच नाहीसं व्हायचं. सुमनताई म्हणाल्या, "लोक आपल्याला किती सहज देत्यात सगळं."

अनिता पहिल्यांदा आली ती तोंडाला ओढणी गुंडाळून. घरच्यांच्या मनाविरुद्ध, जातीबाहेर लग्न केलेलं. भाऊ शोधत होते, म्हणून ती आणि नवरा दूर वेल्ह्याकडच्या एका वस्तीवर राहायला गेले होते. दिवस गेलेले. बाळासाठी काही वस्तू मागवायच्या होत्या आणि एवढ्या लांब भोरला पुन्हा पुन्हा येणं तिला जमणार नव्हतं.

तिने विचारलं, "ताई, घरी मागवलं तर पत्ता कुनाकुनाला दिसतो?"

दुसरं कुणी "काळजी करू नका" म्हणालं असतं. सुमनताईंनी बोटांवर मोजून सांगितलं. "कंपनीला दिसतो. मला दिसतो. साहेबांना दिसतो. गाडीवाल्याला दिसतो. एवड्यांना दिसतो बघ. आमच्यातनं भाईर जानार न्हाई, ह्यो माजा शब्द." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय साहेब?"

"अर्थात," मी म्हणालो.

तिने ओढणी खाली केली. विशीतली पोर. सुमनताईंना तिने वाट सांगितली, अगदी जवळ बसून, आणि त्यांनी ती भरून घेतली.

वैशाखी पौर्णिमेला सुमनताई रजेवर होत्या. गावातल्या विहारात त्यांची सगळी लगबग असायची. त्या दिवशी दुपारी एक म्हातारा कार्यालयात आला. टोपी हातात, धोतराला धूळ, काखेत पिशवी. मी त्याला पाणी दिलं. तो अनिताचा चुलता होता. पिशवी उघडून त्याने हिरवी साडी आणि खण दाखवला.

"पोरीला दिवस गेल्यात म्हनून कळलं. तिची आई झुरतीया. वटी भरायची हाय, बाकी काय न्हाई. सगळ्यांच्या घरी तुमचंच सामान जातंया म्हनत्यात. ठिकान तेवडं सांगा, सायब."

आमच्या भागात पत्ता विचारणाऱ्याला नाही म्हणायची रीत नाही. नुसतं बोट दाखवणंही कमीपणाचं. हातातलं काम टाकून त्या माणसाला दारापर्यंत नेऊन सोडायचं, हे मी वडलांच्या बोटाला धरून शिकलो. साडी नवी होती. मला वाटलं, आपल्या हातून एक घर जुळतंय. मी संगणकात अनिताचं नाव काढलं. नुसती वस्ती सांगितली नाही. कागद घेतला आणि वाट काढून दिली. पूल, जांभळ, ओढा. सुमनताई सांगायच्या, तशीच. म्हातारा माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला वरच्यावर धरलं. तो गेल्यावर मला फार बरं वाटत होतं.

म्हातारा खोटं बोलत होता का, मला आजही माहीत नाही. त्याला खरंच ओटी भरायची असेल आणि पुतण्यांनी तो कागद काढून घेतला असेल. गेले ते भाऊच. त्यांनी दार फोडलं, नवऱ्याला मारलं, त्याचा हात मोडला. वस्तीवरची माणसं काठ्या आणि कुत्री घेऊन धावली, म्हणून पुढचं टळलं. ती दोघं होती नव्हती ती भांडी घेऊन तिथून निघाली.

अनिताचा फोन आला तेव्हा मी सुमनताईंच्या समोरच होतो. फोनमधला आवाज मला ऐकू येत होता. "ताई, तुमालाच म्हाईत व्हतं. तुमीच शब्द दिला व्हता."

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. त्या खिडकीतून समोरच्या दुकानाचं शटर दिसायचं. अजून डोळ्यांपुढे तेच येतं, त्याचा रंग, त्याला पडलेला खळगा. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी मी ते शटर पाहत राहिलो.

"चुकलं बाई आमचं," सुमनताई फोनवर म्हणाल्या.

आमचं, म्हणाल्या. पर्स उचलली आणि अनिताला भेटायला वेल्ह्याची एसटी धरली. दुसऱ्या दिवशी येऊन नेहमीच्या जागी बसल्या आणि संगणक सुरू करता करता विचारलं, "म्हातारा व्हता का?"

"हो."

"पानी दिलं त्याला?"

"दिलं."

"बरं केलं. तेवडंच द्यायचं."

त्यानंतर फोनवर वाट विचारताना त्यांचा आवाज मधेच थांबायचा. महिनाअखेरीस त्यांनी काम सोडलं. मी कारण विचारलं. धाडसच म्हणायचं माझं. त्या म्हणाल्या, "लोक इचारत्यात, पत्ता नीट राहील ना? मी व्हय म्हनायची. आता कुठल्या तोंडानं म्हनू?"

पुढे गावात बोलणं पसरलं. त्या बाईनं कुणाचा तरी पत्ता फोडला म्हणे, म्हणून काढलं तिला. लोक पार्सल घेताना मला विचारायचे, "खरं काय हो?" मी "हं" म्हणायचो. त्या "हं"मध्ये हो नव्हतं, नाहीही नव्हतं, आणि ज्याला जे हवं ते तो त्यातून घेऊन जायचा. कंपनीनेही विचारलं. मी लिहून कळवलं की संबंधित कर्मचारी काम सोडून गेली आहे. शब्द खरे होते. त्याहून खोटं मी आयुष्यात काही लिहिलं नाही.

गेल्या थंडीत मी भोंगवलीला गेलो. त्या आधी कंपनीला खरं काय ते कळवलं होतं, बाळूलाही सांगितलं होतं. बाळू म्हणाला, "मला का सांगताय? त्यास्नी सांगा." वेशीवर एका बाईला घर विचारलं. डोक्यावरचा भारा तसाच घेऊन ती मला दारापर्यंत सोडून गेली.

सुमनताई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. मला पाहून त्या उठल्या, पाणी दिलं, चहा ठेवला. चहा पिऊन मी कप खाली ठेवला. मग एका दमात सगळं सांगितलं.

"मला म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले."

शेंगा फोडल्याचा आवाज येत होता. ऊन सगळीकडे सारखं पसरलेलं होतं, आणि त्यात मला स्वतःचा हातही दुसऱ्या कुणाचा वाटत होता. मी म्हणालो, "ताई, मला माफ करा."

"माजं सोडा. गावात चार दिस बोलले, पाचव्या दिशी इसरले. जिचं दार फुटलं तिला सांगा."

"सांगतो. कुठं असते ती? पत्ता द्या, आत्ता जातो."

त्या थांबल्या. मग हसायलाच लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "साहेब, आजून तसंच व्हय?"

मी मान खाली घातली. त्यांनी हात झटकले, मोबाईल घेतला आणि गोठ्यापलीकडे गेल्या. पाठमोऱ्या, पदर डोक्यावर ओढून बराच वेळ बोलत होत्या. मधे एकदा नुसत्या ऐकत राहिल्या. परत आल्या तेव्हा मोबाईलचा पडदा तळहाताने झाकलेला होता.

"आयकते म्हनाली. बोलंल का न्हाई त्ये तिचं ती बघंल."

मोबाईल त्यांनी माझ्या हातात दिला नाही. स्वतःच माझ्या कानाशी धरला. त्या बुटक्या, मी उंच. मला वाकावं लागलं. त्या चवड्यांवर उभ्या राहिल्या, हात लांब करून, आणि ऐकू येऊ नये म्हणून तोंड दुसरीकडे फिरवून शेताकडे बघत राहिल्या. कानाला मोबाईल लागला. पलीकडे एक लहान मूल काहीतरी विचारत होतं आणि कुणीतरी त्याला चूप करत होतं. मग तेही थांबलं. कुणीतरी ऐकत होतं.

"ताई," मी म्हणालो, "मी भोरच्या कार्यालयातला माणूस. तुमच्या चुलत्यांना वाट मी काढून दिली. आधी तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही, आणि नंतर इतकी वर्षं सुमनताईंच्या आड लपलो. तुमचं घर मोडलं ते माझ्यामुळे. मला माफ करा."